गुडघ्याला लावलेले जेल आत नेमके काय करते, आणि ते किती लावावे?

कृष्णाकाठ :

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली तेवीस वर्षे मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करतो आहे. दुखण्यावरची ट्यूब मागायला दिवसाकाठी पंधरावीस माणसे येतात आणि त्यांतल्या निम्म्यांचे गाऱ्हाणे एकच असते : ‘लावल्यावर गार वाटतं, तासाभरानं पुन्हा तेच.’ हे गाऱ्हाणे खोटे नाही. मात्र ते औषध कसे वापरले हे खोदून विचारले की बहुतेक वेळा दोनच गोष्टी हाती लागतात. एक तर औषध फारच थोडे लावलेले असते, नाहीतर ते जिथे पोचूच शकत नाही अशा जागी लावलेले असते. या विषयावर एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

लिहायला बसवले ते माझ्या आईने. तिचे वय ७१, दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, आणि पूजा मात्र खाली बसूनच करायची. तीन महिने ती रोज रात्री डायक्लोफेनॅकचे जेल लावत होती आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही असे सांगत होती. एका संध्याकाळी मी दुकानातला छोटा डिजिटल काटा घरी आणला आणि तिला म्हटले, ‘आई, नेहमी घेतेस तेवढंच या कागदावर काढ.’ तिने हरभऱ्याएवढा ठिपका काढला. काट्यावर तो जेमतेम अर्धा ग्रॅम भरला. तेवढ्यात ती दोन्ही गुडघे उरकत होती, तेही दिवसातून एकदाच, आणि ३० ग्रॅमची ट्यूब तिला दोन महिने पुरत होती.

आता माहितीपत्रकातले आकडे पाहा. डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के, म्हणजेच डायक्लोफेनॅक सोडियमच्या हिशेबाने १ टक्का असलेले जे जेल सर्वत्र मिळते, त्याची मोठ्या माणसासाठीची मात्रा दुखऱ्या जागेच्या आकारानुसार दर वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन ते चार वेळा अशी असते. अमेरिकेतल्या माहितीपत्रकात गुडघा, घोटा आणि पाऊल यांसाठी दर वेळी ४ ग्रॅम आणि हात, मनगट व कोपर यांसाठी २ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, असे स्पष्ट सांगितले आहे. माझी आई एका गुडघ्याला दिवसाकाठी पाव ग्रॅम लावत होती. कमीत कमी मात्रा धरली तरी हा तिचा चोविसावा भाग झाला.

हे जेल काम करते तरी कसे, हे समजले की मात्रेचा आग्रह का धरायचा तेही समजते. सांध्याला किंवा स्नायूला इजा झाली, अथवा हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेची झीज होऊन सांध्याचे आतले अस्तर चिडले, की तिथल्या पेशींच्या आवरणातून अरॅकिडोनिक आम्ल सुटते. सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे प्रोस्टाग्लँडिनमध्ये रूपांतर करते. प्रोस्टाग्लँडिन रक्तवाहिन्या रुंदावते, त्यामुळे जागा लाल होते आणि सुजते. शिवाय ते वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची टोके हळवी करते. हळवी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण एरवी जिन्याची पायरी उतरताना जो दाब जाणवलाही नसता, तोच दाब या हळव्या झालेल्या टोकांना दुखणे म्हणून कळतो. डायक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, आयब्युप्रोफेन, पिरॉक्सिकॅम ही सगळी दाहशामक औषधे त्या विकराला अडवतात, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होते आणि टोकांचा हळवेपणा उतरतो. ॲस्पिरिन नेमके इथेच काम करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि त्या कामासाठी त्यांना १९८२ साली दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

गोळी घेतली तर औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरते आणि गुडघ्याच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. जेल लावले तर औषधाला आधी त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर ओलांडावा लागतो. हा थर एका मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढाच जाड असतो, पण फार चिवट असतो. विटांच्या भिंतीत चुना भरावा तशी त्याच्या पेशींमध्ये स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजायचे एकक) मोठा रेणू त्यातून सहसा जात नाही. डायक्लोफेनॅकचा रेणू सुमारे २९६ डाल्टनचा आहे, म्हणून त्याला वाट मिळते. तरीही लावलेल्या औषधातला अगदी लहान अंशच आत उतरतो, बाकीचे त्वचेवरच राहते. आत जाणारा वाटाच जर इतका अल्प असेल, तर मुळात हरभऱ्याएवढे लावून पलीकडे काय पोचणार?

जे आत जाते ते त्वचेत काही काळ साठून राहते आणि हळूहळू खाली झिरपते. म्हणूनच ते नेमाने, ठरलेल्या वेळांना लावत राहावे लागते. झिजेच्या दुखण्यात फरक जाणवायला सात दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. दुखले की लावायचे, थांबले की विसरायचे, या पद्धतीत तो साठा कधी तयारच होत नाही.

माळरान :

लेख फार उपयोगी आहे. मला एक मूलभूत शंका आहे. औषध तेच असेल आणि त्वचेतून इतके थोडे आत जात असेल, तर सरळ गोळी का घेऊ नये? माझे वडील वर्षभर गोळ्या घेत आहेत आणि त्यांना आराम आहे.

कृष्णाकाठ :

माळरान, गोळीने आराम पडतो यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्या आरामाच्या किमतीचा. सायक्लोऑक्सिजनेज हे विकर फक्त दुखऱ्या गुडघ्यात नसते. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारे आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारे प्रोस्टाग्लँडिनही त्याच घराण्यातल्या विकरामुळे तयार होते. गोळी सगळीकडेच ते काम थांबवते. त्यामुळे जठरात व्रण होणे, रक्तस्राव होणे, रक्तदाब वाढणे, मूत्रपिंडांवर ताण येणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे हे सगळे गोळीच्या मागोमाग येऊ शकते, आणि वय जितके जास्त तितका हा धोका जास्त.

जेलचा हिशेब वेगळा आहे. एका गुडघ्याला ४ ग्रॅम जेल दिवसातून चार वेळा लावले, तर रक्तात पोचणारे डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेतल्यावर पोचणाऱ्या औषधाच्या सरासरी ६ टक्के असते. दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात मिळून दिवसाला ४८ ग्रॅम, म्हणजे कमाल मर्यादेच्याही वर जेल लावून पाहिले, तेव्हा हेच प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले होते. म्हणून दिवसाला सगळे सांधे मिळून ३२ ग्रॅमची मर्यादा पाळायची.

उलट, जेलखालच्या ऊतींमध्ये औषध चांगले साठते. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांना आधी केटोप्रोफेनची पट्टी लावून नंतर काढलेल्या ऊती तपासल्या, तेव्हा कूर्चेत आणि गुडघ्यातल्या गादीत रक्तापेक्षा कितीतरी पट अधिक औषध आढळले. हवे तिथे जास्त आणि नको तिथे कमी, हा जेलचा सगळा फायदा आहे.

तुमच्या वडिलांना वर्षभर गोळ्या चालू आहेत हे वाचून मात्र काळजी वाटली. त्यांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन शेवटचे कधी तपासले? डॉक्टरांना विचारून जेलवर येता येईल का, हे कृपया पाहा. आणि एक गोष्ट : डॉक्टरांना न विचारता गोळी आणि जेल दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका.

पाठकणा :

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. कृष्णाकाठ यांनी लिहिलेले योग्य आहे. त्याला पुराव्याची आणि मर्यादांची जोड देतो.

ताजी दुखापत आणि जुनी झीज यांत फरक करावा लागतो. पाय मुरगळणे, स्नायू लचकणे, खेळताना मार लागणे अशा ताज्या दुखण्यांत लावायच्या दाहशामकांचे निकाल फार चांगले आहेत. कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली केलेल्या आढाव्यात डायक्लोफेनॅकच्या एका विशिष्ट जेलने साधारण आठवड्याभरात दहापैकी जवळजवळ आठ जणांचे दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले, तर औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत ही संख्या दहापैकी दोनच्या आसपास होती. तेच औषध दुसऱ्या प्रकारच्या जेलमध्ये किंवा मलमात मिसळले की परिणाम इतका राहत नाही, म्हणजे औषधाइतकेच ते कशात मिसळले आहे यालाही महत्त्व आहे. जुन्या झिजेत चित्र इतके लख्ख नाही. सहा ते बारा आठवडे डायक्लोफेनॅक किंवा केटोप्रोफेन लावलेल्यांपैकी दहात सहा जणांना चांगला आराम मिळाला, आणि नुसते जेल लावलेल्यांपैकी पाच जणांना.

तरीही अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गुडघ्याच्या झिजेसाठी लावायच्या दाहशामकांची ठाम शिफारस केली आहे, आणि ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही गुडघ्यासाठी गोळीच्या आधी हेच देऊन पाहावे असे म्हटले आहे. कारण सरळ आहे : फायदा गोळीच्या तोडीचा आणि धोका फार कमी.

मर्यादा खोलीची आहे. गुडघा, घोटा, मनगट, बोटांचे सांधे, कोपर हे त्वचेच्या जवळ आहेत, तिथे जेल पोचते. खुब्याचा सांधा स्नायूंच्या आणि चरबीच्या जाड थराखाली असतो, तिथे ते पोचत नाही. माझ्याकडे मांडीच्या सांध्याची पूर्ण झीज झालेले रुग्ण दीड-दोन वर्षे नितंबावर जेल चोळून मग येतात, आणि तो सगळा काळ व पैसा वाया गेलेला असतो. जांघेत दुखत असेल आणि पायमोजा घालायला वाकता येत नसेल, तर जेल बाजूला ठेवून क्ष-किरण तपासणी करून घ्या.

माळरान :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वडिलांचे क्रिएटिनिन दीड वर्षात तपासलेलेच नव्हते. उद्या सकाळी रक्त द्यायला घेऊन जातो.

अबोली_कुडाळ :

माझ्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांच्या मुळाशी दुखते. डब्याचे झाकण फिरवताना, नारळ खवताना आणि पिळा पिळताना डोळ्यांत पाणी येते. मी जेल लावते, पण आमचे हात दिवसभर पाण्यात. लावले की दहा मिनिटांत भांडी, मग तांदूळ धुणे, मग पोळ्यांची कणीक. अशा हातांना हे औषध कसे लावावे?

कृष्णाकाठ :

अबोलीताई, तुम्ही विचारलेत ते फार बरे केलेत, कारण हाताच्या दुखण्यात बहुतेकींचे औषध मोरीत वाहून जाते. हाताला लावलेले जेल निदान एक तास धुऊ नये आणि त्यावर हातमोजे घालायचे असतील तर आधी दहा मिनिटे वाळू द्यावे. तुमच्या दिवसात असे तास शोधावे लागतील. रात्री सगळे आवरल्यावर एकदा आणि दुपारी जेवणानंतर आडवे होता तेव्हा एकदा, या दोन वेळा हमखास मिळतील. पहाटे उठल्यावर चहाच्या आधी तासभर मिळत असेल तर तिसरी. चौथ्या वेळेसाठी जीव टाकू नका.

मात्रा मोजायला काटा लागत नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेलची एक रेघ ओढली तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. एका हाताला २ ग्रॅम, म्हणजे अशा चार रेघा. तळहाताची कातडी जाड असते, म्हणून अंगठ्याच्या मुळाशी नुसते आतून लावू नका. मागच्या बाजूने, जिथे कातडी पातळ आहे, तिथेही नीट जिरवा. लावलेला हात डोळ्यांना आणि तोंडाला लागू देऊ नका. कणीक भिजवायच्या आधी हात धुवायचाच आहे, फक्त तो तास जाऊ द्या.

हडसन_काठी :

मी न्यू जर्सीत राहते. इथे २०२० च्या फेब्रुवारीत डायक्लोफेनॅकचे जेल चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. त्याआधी, २००७ पासून, ते फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत असे. खोक्यात प्लास्टिकची एक पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर २ ग्रॅम आणि ४ ग्रॅमच्या खुणा असतात, त्या खुणेपर्यंत जेल पिळायचे आणि पट्टीनेच गुडघ्यावर उतरवायचे. पहिल्यांदा ४ ग्रॅमची रेघ पाहिली तेव्हा मला वाटले छपाईची चूक असावी, इतकी ती लांब होती. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा त्यांनाही खरे वाटेना. इथल्या वेष्टनावर हेही लिहिलेले असते की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सलग २१ दिवसांपेक्षा जास्त वापरू नये.

उंबरठा :

खर्चाचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. एका गुडघ्याला दिवसाला १६ ग्रॅम म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपणार. दोन्ही गुडघे दुखत असतील तर दिवसाला एक ट्यूब. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने हे कुठून आणावे?

कृष्णाकाठ :

उंबरठा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि माझ्या काउंटरवर तो रोज मूकपणे उभा असतो. ३० ग्रॅमच्या ट्यूबने आपल्याकडे एक सवय लावली आहे. ट्यूब छोटी, म्हणून ठिपका छोटा.

मी माझ्या ग्राहकांना सांगतो ते असे. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जो जास्त छळतो त्यालाच आधी पुरेसे लावा, अर्धे-अर्धे वाटू नका. २ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, म्हणजे ६ ग्रॅम, ही सांगितलेल्या मात्रेची खालची पायरी आहे. तिथून सुरुवात करा. या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब पाच दिवस जाते. जाहिरातीतले नाव मागण्याऐवजी घटक वाचा, फक्त डायक्लोफेनॅक असलेले जेनेरिक जेल मागा, जनऔषधी केंद्रात विचारा आणि मोठी ट्यूब मिळत असेल तर तीच घ्या. एक आठवडा हे मनापासून करा आणि रोज रात्री कॅलेंडरवर दुखण्याला दहापैकी गुण लिहा. आठवडाभरात आकडा हललाच नाही, तर ते औषध तुमच्यासाठी नाही असे समजून थांबा. आठ दिवस पुरेसे लावून थांबणे हे वर्षभर ठिपका लावत राहण्यापेक्षा स्वस्त पडते.

रानवाट :

पण मग व्होलिनी, मूव्ह, आयोडेक्स, अमृतांजन हे सगळे एकच का? आमच्या घरी ‘बाम लाव’ म्हटले की जे हाताला लागेल ते लावतात.

कृष्णाकाठ :

रानवाट, हे एक नाही. यांत दोन जाती आहेत, आणि काही ट्यूबमध्ये दोन्ही जाती एकत्र नांदतात.

एक जात दाहशामकाची, जिच्याबद्दल आपण बोलतो आहोत. दुसरी जात मेंथॉल, कापूर, निलगिरी, गंधपुरा तेल यांची. अमृतांजन हे या दुसऱ्या जातीचे, १८९३ साली आपल्या मुंबईतच काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी सुरू केलेले. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चेतवते. तपमान प्रत्यक्षात घटत नाही, मेंदूला मात्र गारवा कळतो, आणि त्या गारव्याच्या संदेशात दुखण्याचा संदेश काही काळ झाकला जातो. मिरचीतले कॅप्सेसिन याच रीतीने उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला चेतवते. तो ग्राहक १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या शोधाचा मान झाला. हा आराम खराच असतो, मी त्याला कमी लेखत नाही. डोके ठणकत असताना कपाळाला लावलेल्या बामाचे मोल मलाही माहीत आहे. फक्त सांध्यातली सूज त्याने उतरत नाही.

बाजारातल्या बऱ्याच लोकप्रिय ट्यूबमध्ये १.१६ टक्के डायक्लोफेनॅकबरोबर १० टक्के मिथाइल सॅलिसिलेट (गंधपुरा तेलातला मुख्य घटक, ॲस्पिरिनच्या कुळातला), ५ टक्के मेंथॉल आणि जवसाचे तेल असते. लावल्याबरोबर गार वाटते ते मेंथॉलमुळे. गारवा ओसरला म्हणजे औषध संपले असे लोक समजतात, आणि गारवा होता तोवर औषध चालू होते असेही समजतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. डायक्लोफेनॅकला ना वास, ना गारवा. ते गुपचूप आपले काम करते.

पाठकणा :

मिथाइल सॅलिसिलेटचा उल्लेख झाला म्हणून दोन इशारे देतो. जे रुग्ण वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेतात, त्यांनी मिथाइल सॅलिसिलेट असलेली मलमे मोठ्या भागावर वारंवार लावली तर रक्त गोठण्याचा काळ वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही बाम नेमाने लावू नये. ज्यांना ॲस्पिरिनने दमा उठतो त्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी विसाव्या आठवड्यानंतर, दाहशामक जेलही स्वतःच्या मनाने लावू नये.

दुसरा इशारा लहान मुलांच्या घरांसाठी. शुद्ध गंधपुरा तेलाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेला तर तो सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट होतो. ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्या एकदम गिळल्यासारखेच हे आहे, आणि लहान मुलाचा त्यात जीव जाऊ शकतो. तेलाची बाटली देवघराच्या फळीवर, पिण्याच्या वस्तूंशेजारी ठेवू नका.

सह्यभ्रमर :

माझा अनुभव सांगतो. राजगडाच्या उतारावर घोटा मुरगळला. गावात मिळाले ते केटोप्रोफेनचे जेल तीन दिवस लावले, दुखणे झपाट्याने उतरले. चौथ्या दिवशी अर्धी चड्डी घालून दिवसभर उन्हात फिरलो आणि संध्याकाळी नेमक्या जेल लावलेल्या जागी, अगदी रेघ मारल्यासारखा, लाल पट्टा उठला. त्यावर पाणी भरलेले फोड आले. तो जायला तीन आठवडे लागले आणि डाग अजून आहे.

पाठकणा :

सह्यभ्रमर, हा केटोप्रोफेनचा ओळखीचा दोष आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा रेणू बदलतो आणि त्वचेला त्याचे वावडे होते. युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१० साली याचा आढावा घेतला. औषध बाजारात ठेवायला त्यांनी संमती दिली, मात्र जेल लावत असताना आणि थांबवल्यानंतरही दोन आठवडे ती जागा ढगाळ दिवशीसुद्धा उन्हापासून झाकून ठेवावी असे बजावले. शेतात राबणाऱ्या आणि डोंगर चढणाऱ्या माणसांना मी केटोप्रोफेन लिहून देत नाही.

आणि ताज्या मुरगळण्यात जेल अलगद लावा, रगडू नका. फाटलेल्या अस्थिबंधावर जोराने चोळले तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. औषध आत जायला जोर लागत नाही, वेळ लागतो. वरून गरम पाण्याची पिशवी किंवा प्लास्टिकची घट्ट पट्टी बांधू नका, त्याने औषध एकदम जास्त शोषले जाते आणि त्वचाही भाजते.

चिरेबंदी :

मी श्रीवर्धनकडचा. आमच्याकडे बैलाचा खांदा सुजला की माणसांचीच ट्यूब चोळतात, आणि गुरांच्या डॉक्टरांकडे जाण्याऐवजी माणसांचे इंजेक्शनही टोचतात. हे बरोबर आहे का?

कृष्णाकाठ :

चिरेबंदी, कृपया हे करू नका, आणि गावात चार जणांना सांगा. गुराला डायक्लोफेनॅक दिले आणि ते लवकरच मेले, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि ती काही दिवसांत मरतात. हे कारण २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून उघड झाले. तोवर भारतातली ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती. २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जातात म्हणून २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या कुपीतच विकण्याचे बंधन आले, आणि २०२३ साली केटोप्रोफेन व ॲसेक्लोफेनॅक गुरांसाठी बंद झाले. तुमच्या रायगड जिल्ह्यात गिधाडे अजून तग धरून आहेत, म्हणून हे अधिकच कळवळून सांगतो. गुरांसाठी मेलॉक्सिकॅम आहे, ते गिधाडांना सुरक्षित आहे, आणि ते पशुवैद्य देतात.

घरात मांजर असेल तर आणखी एक सावधगिरी. पायाला जेल लावून बसलात आणि मांजराने ते चाटले, तर त्याच्या मूत्रपिंडांना तेवढेही बाधू शकते. अमेरिकेत फ्लर्बिप्रोफेन लावणाऱ्या माणसांच्या घरातली मांजरे अशी दगावली, आणि तिथल्या नियामकांनी २०१५ साली तसा इशारा दिला.

शंकासूर :

पाठकणा, तुम्हीच दिलेला आकडा पुन्हा पाहा. झिजेच्या दुखण्यात औषधाने दहापैकी सहा, औषधाशिवाय पाच. म्हणजे दहात एकालाच औषधाचा उपयोग झाला. उरलेल्या पाच जणांना तर नुसत्या चोळण्याने बरे वाटले. मग एवढा खर्च आणि एवढा नेम कशासाठी?

पाठकणा :

शंकासूर, हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो बरोबर आकड्यावर उभा आहे. त्या पाच जणांना ‘काही न करता’ बरे वाटले असे मात्र समजू नका. त्यांनीही सहा ते बारा आठवडे नेमाने जेल लावले, गुडघ्याकडे लक्ष दिले, त्वचेवरून हात फिरवला. झिजेचे दुखणे चढ-उताराचे असते आणि माणूस उपचाराला येतो तो दुखणे टोकाला गेल्यावर, त्यामुळे काहींचे ते आपोआपही उतरते. दुसरी गोष्ट अशी की गोळीलाही झिजेच्या दुखण्यात मोठी आघाडी मिळत नाही. गोळी आणि जेल यांची थेट तुलना झाली तेव्हा आराम दोन्हींत जवळपास सारखाच आढळला. फरक पोटाच्या तक्रारींत पडला, त्या गोळीत जास्त होत्या, आणि त्वचेच्या खाजेत पडला, ती जेलमध्ये जास्त होती.

सरासरीत एक असला तरी तो एक कोण हे आधी सांगता येत नाही. म्हणून कृष्णाकाठ यांनी सुचवलेली आठवड्याची चाचणी मला पटते. आणि गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन उतरवणे हे मुख्य उपचार आहेत. जेलचे खरे मोल मी त्यात पाहतो : ज्या रुग्णाला दुखण्यामुळे खुर्चीतून दहा वेळा उठबस करता येत नाही, त्याला जेल लावून ती करता आली, तर पुढचे काम तो व्यायाम करतो.

अबोली_कुडाळ :

आज बारा दिवस झाले. दुपारी आणि रात्री, हाताला चार रेघा, वर तासभर पाण्याला हात नाही. दुपारची भांडी मुलगा घासतो. डाव्या अंगठ्याचे गुण आठावरून चारवर आले आहेत, उजव्याचे सहावर अडले आहेत. काल नारळ खवला, पण अर्धाच. बाकीचा आज.

कृष्णाकाठ :

अबोलीताई, फार आनंद झाला. उजवा हात कामाचा आहे, तो मागे राहणारच. त्याला मनगटासकट अंगठा धरून ठेवणारी पट्टी रात्रीपुरती बांधून पाहा, मात्र जेल पूर्ण वाळल्यावर आणि सैलसर. एकवीस दिवस झाले की जेल थांबवून एकदा डॉक्टरांना हात दाखवा.

आईचेही सांगतो. तिच्या दुकानातल्या खात्यावर आता महिन्याला सहा ट्यूब पडतात आणि तिच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सध्या फक्त उजव्या गुडघ्याला, दिवसातून तीन वेळा चालू आहे. गुण सातावरून चारवर आले आहेत. पूजा अजून खालीच बसून होते. मी चौरंग उंच करून दिला होता, तो तिने तुळशीची कुंडी ठेवायला घेतला.